आपला बैल, कुणाचाच नसलेला वाघ

नागपुरातल्या सक्करदऱ्यात वाढणाऱ्या पोराला पहिलं जनावर मिळतं ते लाकडाचं. तान्ह्या पोळ्याला नंदीला दोरी बांधायची, घरोघरी न्यायचा आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायचा. रघुजीराजे भोसल्यांनी 1806 साली ही रीत सुरू केली, असं नागपूरकर सांगतात. तिच्यामागचा विचार मला फार शहाणा वाटतो. ज्याला पुढे खरा बैल हाकायचा आहे, त्याच्या हाती आधी ओढता येईल असा बैल द्या. जनावर आधी हाताला कळतं. माया मागाहून येते.

पण 'आपला बैल' म्हटलं की मालकी आलीच. भोसल्यांच्या महाराजबागेत पुढे पिंजरे उभे राहिले. घराघरांत टांगलेला मिठ्ठू असे आणि नागपंचमीला दात काढलेला नाग घेऊन गारुडी दारात येई. बालपणाच्या ज्या आठवणींनी आम्ही हळवे होतो, त्यांतल्या बऱ्याच या जनावरांच्या हालांवर उभ्या आहेत. ते झाकण्यात अर्थ नाही.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही मालकीची समजूतच मोडली. रानातला जीव कुणाच्या हौसेसाठी नाही, हे कागदावर आलं. गारुडी हळूहळू दिसेनासे झाले. पिंजरे मात्र चिवट निघाले. 2021 मध्ये गोरेवाड्याचं प्राणिउद्यान सुरू झालं. तिथे माणूस बसमध्ये बंद आणि वाघ मोकळा. ही अदलाबदल न्यायाचीच आहे. पण काचेमागच्या पोराच्या हाती काय लागतं?

एडवर्ड विल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञाची गोष्ट इथे आठवते. लहानपणी गळाला लागलेल्या माशाचा काटा घुसून त्याचा एक डोळा अधू झाला. अंतराचा नीट अंदाज येईना, म्हणून तो चिमटीत धरून बघता येतील अशा जिवांकडे वळला आणि मुंग्यांचा जाणकार झाला. माणसाला जिवंत गोष्टींची उपजत ओढ असते, हा विचार त्याने 1984 साली 'बायोफिलिया' या पुस्तकात मांडला. आमचे मारुती चितमपल्ली वनाधिकारी, पण नवेगावबांधला पाखरांची नावं शिकले ती गोंड-ढिवरांकडून, तळ्याकाठी पाय भिजवत.

तेव्हा मालकी गेली ते बरंच झालं. स्पर्श जायला नको होता. आणि स्पर्शाला वाघ कशाला हवा? पहिल्या पावसानंतर मातीतून वर येणारा लालभडक मृगाचा किडा पुरे. तळहातावर घेतला की तो पाय मिटून गप्प पडतो. धीर धरला तर चालू लागतो. आम्ही त्याला आगपेटीत कोंबायचो, ते सोडा. पण तो धीर तिथेच शिकलो.

आता रस्ते सिमेंटचे झाले आणि अंगणात गट्टू बसले. तलावाच्या सुशोभीकरणाची मागणी घेऊन लोक नगरसेवकाकडे जातात. गल्लीतली थोडी माती उघडी ठेवा म्हणून कुणी गेल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.