गज आणि श्वास

एखादी धून स्वतःच पापी असू शकते काय, हा प्रश्न आज कोणी विचारला तर तो बाळबोध वाटेल. परंतु एकोणिसाव्या शतकात स्वीडनच्या खेड्यापाड्यांतून धर्मजागृतीची जी लाट उसळली, तिच्यात सापडलेल्या माणसांना तो आत्म्याच्या उद्धाराइतका निकडीचा वाटला होता. लग्नाच्या वरातीपुढे चालणारे आणि रात्र रात्र नाच जागता ठेवणारे फिडलवादक, पश्चात्तापाचा चटका बसताच, आपली वाद्ये फोडून आगीत घालीत. कारण फिडल हे सैतानाचे वाद्य होय, असा उपदेशकांचा निर्वाळा होता. मौज अशी, की या जागृत मंडळींना सरकारी जाच स्वतःलाही चुकला नव्हता. 1726 च्या फर्मानान्वये पाद्र्याच्या देखरेखीवाचून घरी प्रार्थनेस जमणे हा गुन्हा ठरला होता, आणि ते फर्मान 1858 साली रद्द होईपर्यंत कायद्याचा बडगा त्यांच्या डोक्यावर होताच. ज्यांच्या प्रार्थनेला बंदी होती, त्यांनीच शेजाऱ्याच्या नाचाला बंदी घालावी, हे मनुष्यस्वभावाला धरूनच झाले म्हणायचे.

बरे, वाद्यमात्राला त्यांचा विरोध होता असेही नाही. ओस्कार आन्फेल्त हा त्यांचा लाडका गायक दहा तारांची गिटार घेऊन गावोगाव भक्तिगीते गात हिंडे, आणि लीना सांडेल या कवयित्रीचे मुलाबाळांच्या ओठी बसलेले स्तोत्र तर लोकधुनेवरच गायिले जाते. म्हणजे तार चालत होती, लोकधूनही चालत होती. चालत नव्हता तो फिडलचा गज.

नाच आणि दारू यांच्या संगतीने फिडल बदनाम झाले, हे याचे नेहमीचे उत्तर खोटे नाही. पण ते मला अपुरे वाटते. हेल्सिंगलंड प्रांतात होर्गा नावाचे गाव आहे. तिथली दंतकथा सांगते, की एका रात्री नाचाच्या ठिकाणी एक अनोळखी वादक आला, त्याने अशी काही धून छेडली की कोणाचेही पाय थांबेनात, आणि त्याच्या मागोमाग डोंगरमाथ्यावर गेलेली सारी तरणी पोरे कवट्या तेवढ्या शिल्लक राहीपर्यंत नाचत राहिली. तिकडच्या लोककथांत ओढ्यात राहणारा एक जलपुरुष आहे; त्याच्या धुनेविषयी सांगतात, की तिच्या अकरा आवृत्ती असून माणसाने दहाच नाचाव्यात. अकरावी वाजली की म्हातारेकोतारे आणि पाळण्यातली पोरेसुद्धा नाचू लागतात. या दोन्ही कथांत भय सुरावलीचे नाही. भय आहे ते तिला अंत नसण्याचे.

गजाला श्वास घ्यावा लागत नाही. तो वर जातो, खाली येतो, आणि स्वर कुठेही न तुटता पुढे चालतो. वाजवणाऱ्याच्या छातीत काय चालले आहे याची त्याला फिकीर नसते.

हा विचार मनात असताना ह्यूगो आल्फ्वेन (1872–1960) या संगीतकाराची 1903 मधली ‘मिडसॉमरवाका’ ही रचना वाद्यवृंदाकडून नव्हे, तर केवळ फुंकवाद्ये आणि तालवाद्ये असलेल्या बँडकडून ऐकावी. विषय मिडसमरच्या रात्रीचे जागरण. आणि हा सण पडतो तो योहान बाप्तिस्ताच्या जन्मदिनाच्या सुमारास, म्हणजे टोळ आणि रानमध खाऊन अरण्यात राहिलेल्या एका विरक्ताच्या नावाने हे लोक खांबाभोवती नाचतात, ही गंमत वेगळीच. मूळ रचनेत तंतुवाद्यांच्या छेडलेल्या ठेक्यावर क्लॅरिनेट पहिली धून सांगते, पुढे बॅसून झिंगल्यासारखे डुलते, मध्यरात्रीच्या संथ भागात इंग्लिश हॉर्नमधून एक उदास लोकगीत येते, आणि शेवटी वेर्मलंडकडील पोलस्का नाचाचा धडाका सुरू होतो. बँडच्या रूपांतरात व्हायोलिनांचे काम प्रायः क्लॅरिनेटांच्या माथी येते, आणि खरी कसोटी लागते ती इथे; कारण जी स्वरपंक्ती गजाने बिनदिक्कत ओढली असती, तिच्यात आता कुठेतरी दम घ्यायला जागा काढावी लागते. वादकाच्या कागदावर पाचही रेघांच्या वर पेन्सिलीने काढलेला एक लहानसा स्वल्पविराम दिसतो. शेजारच्याचा स्वल्पविराम एक-दोन मात्रा पुढे असतो, आणि ते मुद्दाम ठरवलेले असते, म्हणजे एकाने श्वास घेताना दुसरा वाजवीत राहावा आणि ऐकणाऱ्याला खंड जाणवू नये.

आपल्या वेदान्ताच्या परिभाषेत बोलायचे तर धून तीच, उपाधी बदलली. आणि माझ्या मते पापपुण्याचा निवाडा करायचाच असेल तर तो या उपाधीपाशी करावा. होर्ग्याच्या वादकाची अखंडता एकट्याची आहे, तिला देह नाही, म्हणून ती इतरांचे देह झिजवते. बँडची अखंडता ही मर्त्य माणसांनी आळीपाळीने श्वास घेऊन उभी केलेली आहे. तिच्यात प्रत्येकजण थांबतो, पण सगळे एकदम थांबत नाहीत. चर्चमध्ये जमून स्तोत्र गाणारा समुदायही नेमके हेच करीत असतो, आणि दालार्ना प्रांतातल्या जुन्या रीतीने संथपणे, प्रत्येकाने आपापल्या मुरक्या घेत गायिलेल्या स्तोत्रांविषयी तर ते अधिकच खरे आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. चर्चमधल्या ऑर्गनलाही श्वास लागत नाही. मग तो पवित्र कसा? पूर्वी याला उत्तर होते, कारण भाते दाबणारा एक माणूस मागे घाम गाळीत असे, आणि तो दमला की देवाचे स्तवनही दमे. भात्याच्या जागी विजेची मोटर आल्यापासून ते उत्तर उरलेले नाही. तेव्हा माझ्या मताप्रमाणे संशय घ्यायचाच झाला तर तो फिडलवाल्या गरिबाला सोडून आता भिंतीएवढ्या त्या वाद्यावर घ्यावा लागेल, आणि तसा तो घ्यायला माझी हरकत नाही.