उन्हासाठीं देशांतर

ऊन ही जाऊन शोधण्याची वस्तु आहे, ही गोष्ट आपल्याकडील माणसास सहज पटावयाची नाहीं. चैत्र-वैशाखांत पुण्याचा गृहस्थ सावलीच्या बाजूनें चालतो, खिडक्यांना पडदे लावतो आणि भर दुपारीं घराबाहेर पडणाऱ्यास वेड्यांत काढतो. उन्हाचें कौतुक आपण एकाच प्रसंगीं करतों: तान्ह्या मुलास तेल लावून न्हाऊं घातलें कीं आजी त्याला मांडीवर घेऊन सकाळच्या कोवळ्या उन्हांत बसते. त्या उन्हास मोल पडत नाहीं, म्हणून तें कोणीं हिशेबांत धरल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

हा विचार मनांत येण्याचें कारण मात्र घरगुती आहे. आमची कन्या आठ वर्षांपासून ग्लासगो येथें असते. पति-पत्नी दोघेंहि नोकरी करतात. त्यांना चार वर्षांची एक मुलगी आहे. डिसेंबरांत तेथें दिवस सात तासांचा, आणि त्या सात तासांतहि सूर्यदर्शन होईलच असा भरंवसा नाहीं. वर्षाकाठीं ऊन जेमतेम बारा-तेराशें तास. सांवळ्या कातडीस ड जीवनसत्त्व तयार करण्यास गोऱ्या कातडीपेक्षां अधिक ऊन लागतें, म्हणून आमच्या नातीस बाराहि महिने त्या जीवनसत्त्वाचे थेंब पाजतात. जिच्या आईनें आजीच्या मांडीवर ऊन फुकट घेतलें, तिला तें बाटलींतून मोजून घ्यावें लागतें! आतां त्या दोघांनीं ऑस्ट्रेलियांतील पर्थ शहरीं कायमचें राहावयास जाण्याचा बेत केला आहे. तेथें वर्षाला तीन हजारांहून अधिक तास ऊन पडतें. पगार, घरभाडें, शाळा, हवामान असा सगळा हिशेब त्यांनीं कागदावर मांडून आम्हांस पाठविला, आणि खालीं कन्येनें लिहिलें, "हें सगळें मुलीसाठींच आहे, बाबा. तुम्हांला काय वाटतें?"

त्या "मुलीसाठींच" या शब्दाशीं आमचें मन अडून बसलें आहे.

उन्हासाठीं ब्रिटन सोडून ऑस्ट्रेलियास जाणें ही गोष्ट नवी नव्हे. १९४७ च्या कडक हिंवाळ्यांत ब्रिटनमध्यें कोळशाचा तुटवडा पडला होता. युद्ध संपलें तरी अन्नावरील रेशनिंग सुटलें नव्हतें. त्याच वर्षीं दोन्ही सरकारांच्या कराराप्रमाणें अशी योजना अंमलांत आली कीं, प्रौढ माणसानें दहा पौंड भरावे, मुलांस कांहीं पडूं नये, आणि साऱ्या कुटुंबानें बोटीवर चढावें. दोन वर्षांच्या आंत परत फिरणाऱ्यानें मात्र प्रवासाचा खर्च स्वतः सोसावयाचा. पुढील पंचवीस वर्षांत दहा लक्षांहून अधिक माणसें या वाटेनें गेलीं. जाहिरातींत समुद्रकिनारा आणि लख्ख ऊन. प्रत्यक्षांत पुष्कळांच्या वाट्यास आरंभीं पत्र्याच्या अर्धगोल बराकी आल्या. सुमारें चौथाई लोक परत आले, आणि त्यांतलेहि कित्येक मायदेशाच्या पावसाला विटून पुन्हां ऑस्ट्रेलियास गेले! तें ऊन गोऱ्यांसाठीं राखून ठेवलेलें होतें, हेंहि जातां जातां सांगून ठेवलेलें बरें. वर्णभेदाचें तें धोरण १९७३ सालीं पुरतें मोडलें. तत्पूर्वीं आमच्या कन्येच्या रंगाच्या माणसास दहा पौंडांचें तिकीट कोणी दिलें नसतें.

या लोंढ्यांत १९६६ सालीं वेल्समधील बॅरी या बंदराच्या गांवाहून एक कुटुंब निघालें. धाकट्या मुलीस छातीचा विकार होता, आणि उबदार हवेंत तिला बरें वाटेल असा सल्ला मिळाला होता. कुटुंब ॲडलेड येथें स्थायिक झालें, आणि ती मुलगी, ज्युलिया गिलार्ड, २०१० सालीं ऑस्ट्रेलियाची पंतप्रधान झाली. अशी कथा ऐकली म्हणजे श्रोते माना डोलवितात. आईबापांचा निर्णय किती योग्य! पण या माना डोलविण्यांत तर्काची चूक आहे. १९६६ सालीं त्या मातापित्यांच्या हातीं एक आजारी मूल आणि एक सल्ला एवढेंच होतें. निर्णय योग्य असेल तर तो त्याच दिवशीं योग्य होता. मुलगी पुढें एखाद्या पेढीवर हिशेब लिहीत बसली असती, तरी त्याची योग्यता रतिभर कमी झाली नसती.

येथें बर्नार्ड विल्यम्स यांची आठवण होते. या इंग्रज तत्त्वज्ञानें १९७६ सालीं नैतिक दैवावर एक निबंध वाचला, आणि त्यांत गोगँ या चित्रकाराचें उदाहरण, चरित्राच्या तपशिलांशीं फारसें बांधून न घेतां, चर्चेस घेतलें. पत्नी व पांच मुलें युरोपांत ठेवून १८९१ सालीं ताहितीच्या उन्हांत चित्रें काढावयास गेला तोच हा गोगँ. विल्यम्स यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, अशा निर्णयाचें समर्थन, मिळालेंच तर, यशानेंच मिळतें. मात्र ज्यांनीं सोसलें त्यांचा तक्रारीचा हक्क त्या यशानें बुडत नाहीं. हा निबंध आम्हीं वर्गांत अनेक वर्षें शिकविला. त्याचा पहिला भाग आम्हांस कधींच पटला नाहीं, आणि दुसऱ्या भागाकडे आम्ही बरेच दिवस पाहत नव्हतों. चित्रशाळेंत उभा असलेला प्रेक्षक जिंकलेली पैज पाहतो. पैजेस लावलेली रक्कम कोणाची होती हें तो विचारीत नाहीं. गोगँच्या बाजूनें एवढें म्हणतां येईल कीं, आपण चित्रांसाठीं जात आहों हें त्यानें लपविलें नाहीं. कुटुंबवत्सल माणसाचें तसें नसतें. तो दुसऱ्यांची पुंजी डावावर लावतो, आणि डाव त्यांच्याच नांवानें खेळतो.

हें आम्ही कोणत्या अधिकारानें म्हणतों तें सांगणें भाग आहे. आम्ही प्रथम रत्नागिरी जिल्ह्यांतील एका महाविद्यालयांत शिकवीत होतों. वृद्ध मातापिता जवळच्या खेड्यांत होतीं. कन्या चार वर्षांची असतां पावसाळ्यांत तिची छाती भरूं लागली. डॉक्टर म्हणाले, कोरडी हवा पाहा. आम्हीं पुण्याची नोकरी धरली, आणि वडिलांना सांगितलें कीं, हें नातीसाठीं आहे. तें खोटें नव्हतें. पण कोरडी हवा साताऱ्यासहि होती. तेथें आमचे चुलते राहत होते, आणि तेथें आईवडीलहि आले असते. पुण्यांत ग्रंथालयें होतीं, विद्वानांची ऊठबस होती, आणि आमची महत्त्वाकांक्षा होती. वडिलांनीं एवढेंच विचारलें, "पाऊस सरला कीं येणार ना?" पुढें ते अकरा वर्षें जगले; त्यांतले किती दिवस आम्ही त्यांच्याजवळ होतों, हें मोजण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. कन्या मोठी झाल्यावर एकदां कांहीं वादांत आम्ही बोलून गेलों कीं, तुझ्यासाठीं गांव सोडलें. ती ताडकन् म्हणाली, "मी कुठं सांगितलं होतं तुम्हांला?"

याचा अर्थ चार वर्षांच्या मुलीची अनुमति घ्यावी असा नव्हे. ग्लासगोस राहणें हाहि निर्णयच आहे, आणि तोहि तिला न विचारतांच झाला. आईबापांनीं मुलांच्या वतीनें ठरविल्यावांचून संसार चालत नाहीं. त्याबद्दल त्यांस दोष देण्यांत अर्थ नाहीं. दोष त्यानंतर सुरू होतो. आपली इच्छा मुलाच्या नांवें खातीं टाकली कीं तें मूल न घेतलेल्या कर्जाचें ऋणको होतें, आणि पुढें कधींतरी त्याच्याकडे वसुलीस जाण्याचा मोह आईबापांस आवरत नाहीं. आम्हांस आवरला नाहीं.

कन्येच्या कागदावर ग्लासगो व पर्थ असे दोन रकाने होते. पुण्याचा रकाना नव्हता. उन्हाचाच प्रश्न असेल तर पुण्यास ऊन काय कमी आहे? आठ वर्षांपूर्वीं ती चारच वर्षांसाठीं गेली होती. "कायमचें" हा शब्द तिच्या पत्रांत प्रथमच आला. आम्हींहि तिकडे जावें म्हटलें, तर आईबापांस बोलावून घेण्याच्या साध्या वर्गांत तीस वर्षांच्या आसपास वाट पाहावी लागेल असें त्या देशाचें सरकारच सांगतें. आमची पन्नाशी केव्हांच उलटली आहे. आणि ज्या उन्हासाठीं जावयाचें, त्या उन्हाचीहि तेथें धास्तीच. कातडीच्या कर्करोगाचें प्रमाण ऑस्ट्रेलियांत जगांतील सर्वांत अधिक प्रमाणांपैकीं आहे. १९८१ पासून सदरा घाला, मलम चोपडा, टोपी चढवा असा प्रचार चालू आहे, आणि पुष्कळ शाळांत टोपी नसेल तर मुलास खेळूं देत नाहींत. आगींतून फुफाट्यांत म्हणावें, तर येथें म्हण अगदीं शब्दशः लागू पडते. असो, हें वाक्य लिहितांना आमचा स्वार्थ बोलत होता.

कन्येस आम्हीं उत्तर धाडलें आहे. हिशेब बरोबर आहे, खुशाल जावें, असें लिहिलें. "मुलीसाठींच" यांतला "च" खोडावा, आणि त्याखालीं, काळोखाच्या दुपारीं आपल्यालाच रडूं येतें हें जें ती गेल्या हिंवाळ्यांत आईजवळ बोलली होती, तें स्वतःच्या नांवानें लिहावें, असें सुचविलें. साताऱ्याची हकीकतहि प्रथमच कळविली. तुम्हीं पुण्यास यावें असें आम्हांस वाटत होतें, हें एकदां लिहिलें. पुन्हां लिहिणार नाहीं. तिच्या आईनें पत्राखालीं दोन ओळी जोडल्या आहेत: पर्थला जून-जुलैंत रात्रीं गारठा असतो म्हणतात, म्हणून नातीचें लोकरीचें विणकाम सोडलेलें नाहीं; बाह्यांचें माप कळवावें.