तलम वस्त्रे आणि पांढरे सोने



आजच्या शुभवर्तमानातील श्रीमंत माणसाला नाव नाही. प्रभू येशू त्याची ओळख करून देतो ती त्याच्या कपड्यांवरून. जांभळी आणि तलम वस्त्रे! त्या काळी जांभळा रंग समुद्रातल्या शंखाच्या गोगलगायींपासून थेंबाथेंबाने काढीत, म्हणून तो बड्यांनाच परवडे. दाराशी पडलेल्या लाजरसाला मात्र नाव आहे. श्रीमंताने त्याला मारले नाही, हाकलले असेही प्रभू सांगत नाही. त्याने त्याच्याकडे लक्ष दिले नाही, एवढेच.

हे प्रवचन तयार करताना मी माझे कपाट उघडले. अकरा सुती शर्ट निघाले. त्यांतील चार नाताळात आणि वाढदिवसाला तुम्हीच दिलेले, अजून घडीसुद्धा न मोडलेले. (देणाऱ्यांनी रागावू नये.) त्यांचा कापूस कुठल्या शेतातला, हे मला माहीत नव्हते. आणि खरे सांगतो, त्या दिवसापर्यंत तो प्रश्न मला पडलाही नव्हता.

आपल्याकडे भात होतो, केळी होतात, भाजीचा मळा आपल्याला ठाऊक आहे. कपाशीचे शेत मात्र आपल्यातल्या फार थोड्यांनी पाहिले असेल. विदर्भात कापसाला पांढरे सोने म्हणत. त्याच विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जणांना इस्पितळात दाखल करावे लागले. काहींना दिसेनासे झाले होते. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीएवढी वाढली होती; पंपाचा फवारा पिकावर पडे तसा फवारणाऱ्याच्या तोंडावरही येई. उकाडा असा की अंगावर जाड कपडा सहन होत नव्हता आणि बहुतेकांकडे हातमोजे, मुखवटा काही नव्हते. अनेक जण दुसऱ्याच्या शेतात रोजाने गेलेले मजूर होते. सरकारने पुढे विशेष चौकशी पथक नेमले. गेलेली माणसे तर गेलीच.

कुणी म्हणेल, बीटी बियाणे आल्यावर फवारणी कमी होणार होती ना? आपल्या देशात २००२ साली ते आले, ते बोंडअळीला रोखण्यासाठी. परंतु तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांवर ते चालत नाही आणि पुढे गुलाबी बोंडअळीही त्याला दाद देईनाशी झाली. मग पुन्हा पंप पाठीवर.

सेंद्रिय कापूस म्हणजे यापैकी काही नाही. बीटी बियाणे नाही, रासायनिक खत नाही, विषारी औषध नाही. शेणखत, निंबोळी अर्क, दशपर्णी, कपाशीत तुरीच्या ओळी, कडेला झेंडू. सांगायला सोपे वाटते. पण जमीन बदलायला दोन-तीन वर्षे लागतात. त्या काळात उत्पन्न घटते आणि सेंद्रिय म्हणून भावही मिळत नाही. शेतकऱ्याचा तो लांबलेला उपवासकाळच! तो त्याने एकट्याने का पाळावा?

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ च्या परिपत्रकात शिकवले की, खरेदी हा केवळ पैशांचा व्यवहार नसून नैतिक कृती आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाऊदातो सी’मध्ये त्याचीच आठवण करून दिली. यवतमाळ इथून सुमारे सातशे किलोमीटर दूर आहे. पण शर्ट अंगावर आहे, म्हणजे लाजरस दारातच आहे.

हा विषय धर्मग्रामाच्या बैठकीत काढला तेव्हा एक माता म्हणाल्या, “फादर, दोन पोरांचे गणवेश घेताना माझी ओढाताण होते. महागडा सेंद्रिय शर्ट मी कुठून आणू?” त्यांचे म्हणणे खरे आहे. ताई, हे प्रवचन तुमच्यासाठी नाही. ज्याच्या कपाटात चार न वापरलेले शर्ट आहेत त्याच्यासाठी आहे. साधा सुती कपडा घेणे पाप नाही. तो फाटेपर्यंत वापरणाऱ्या माणसाला माझ्यापेक्षा कमी हिशेब द्यावा लागेल.

चिठ्ठी वाचूनही घ्या. नुसते ‘नैसर्गिक’ या शब्दाला काही अर्थ नाही. ‘गॉट्स’ या जागतिक प्रमाणपत्राच्या कपड्यात निदान ७० टक्के धागा सेंद्रिय लागतो आणि चिठ्ठीवर ‘सेंद्रिय’ एवढेच म्हणायचे तर ९५ टक्के. त्यातही लबाडी होते. २०२० मध्ये आपल्याच देशातील सुमारे २० हजार टन कापसाची खोटी कागदपत्रे याच संस्थेने पकडली. म्हणून शेतकरी गटाकडून थेट घेता आले तर उत्तम.

अर्पणविधीत आपण भाकर उचलतो आणि ती भूमीचे व माणसाच्या श्रमाचे फळ म्हणून देवाला देतो. त्या भाकरीखाली वेदीवर पसरलेले वस्त्रही भूमीचे आणि श्रमाचेच आहे. आपल्या वेदीची वस्त्रे विरली आहेत आणि सणापूर्वी नवी शिवायची आहेत. ती सेंद्रिय कापडाची असावीत, असे धर्मग्राम मंडळाने ठरवले आहे. खर्च नेहमीपेक्षा जास्त येईल. माझे चार शर्ट विकून तो भागणार नाही. शिवणकाम महिला मंडळ करणार आहे. कापडाचा नमुना पुढच्या रविवारी मिस्सानंतर पोर्चमध्ये ठेवतो. हात लावून पाहा. थोडे खरबरीत आहे, धुतल्यावर मऊ होते म्हणतात.