भिंग उलटे केल्यावर

‘मी त्याला चांगला जवळून पाहिला आहे,’ हे वाक्य आपल्या बोलण्यात एखाद्या निर्णायक पुराव्यासारखे येते. भाऊबंदकीचा वाद असो, सोयरिकीची बैठक असो किंवा धर्मग्रामाच्या समितीतील मतभेद असो, हे वाक्य उच्चारले गेले की समोरचा माणूस गप्प बसतो. ‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण आपल्या मनात इतकी रुजलेली आहे की, दुरून दिसते ते फसवे आणि जवळून दिसते तेच खरे, असे आपण गृहीत धरून चालतो. परंतु जवळून पाहणे म्हणजेच सत्य पाहणे काय? आणि जवळून जे दिसले ते खरे असले, तरी ते चारचौघांत सांगण्याचा अधिकार त्यामुळे आपोआप प्राप्त होतो काय? हे दोन्ही प्रश्न जुनेच आहेत. छायाचित्रणातील एका साध्या युक्तीच्या आधाराने त्यांचा विचार केला, तर ते अधिक स्पष्ट होतील असे वाटते.

ही युक्ती कॅमेरा हाताळणाऱ्यांना अनेक वर्षांपासून ठाऊक आहे. साध्या कॅमेऱ्याचे 50 मिलिमीटरचे भिंग सुमारे एक हात अंतरापेक्षा, म्हणजे 45 सेंटिमीटरपेक्षा, जवळची वस्तू स्पष्ट दाखवू शकत नाही. त्या अंतरावरून काढलेल्या चित्रात फिल्मवर उमटणारी आकृती मूळ वस्तूच्या जेमतेम सातव्या हिश्शाएवढी असते. मुंगी तिच्यात ठिपका होऊन जाते. मात्र तेच भिंग कॅमेऱ्यातून काढून उलटे फिरवले आणि एका साध्या कड्याच्या साहाय्याने पुन्हा बसवले, की ते चार-पाच सेंटिमीटरवरील वस्तू स्पष्ट दाखवू लागते, आणि फिल्मवरील आकृती जवळजवळ मूळ वस्तूएवढी होते. 28 मिलिमीटरचे भिंग उलटे लावल्यास ती दुपटीच्याही पुढे जाते. यामागे जादू काहीच नाही. भिंगाची घडणच अशी असते की, त्याच्या पुढल्या अंगाला दूरची मोठी वस्तू आणि मागल्या अंगाला निकटची लहानशी फिल्म. सूक्ष्म वस्तूचे चित्र तिच्याहून मोठे हवे असेल, तर हा संबंधच पालटतो: वस्तू भिंगाच्या निकट येते आणि फिल्म त्या मानाने दूर राहते. म्हणून भिंगानेही पाठ फिरवणे युक्त ठरते.

गोंदिया तालुक्यातील दवनीवाड्यासारख्या धानाच्या मुलखात असे भिंग घेऊन कोणी बांधीत उतरला, तर त्याला काय दिसेल? खरिपाच्या धानाला लोंबी धरते त्या दिवसांत, सकाळचे दव ओसरल्यावर, धानाचे फूल उमलते. त्याला पाकळ्या नसतात, रंगाचा थाट नसतो. दोन हिरव्या तुसांची कवाडे किंचित उघडतात, आतून सहा नाजूक पुंकेसर बाहेर लोंबू लागतात, मध्ये पिसासारखी दोन कुक्षिवृन्ते दिसतात, आणि जेमतेम तास-दीड तासात ती कवाडे पुन्हा मिटतात. दाण्याच्या आकाराचेच ते फूल. बहुतेक वेळा ते स्वतःच्याच परागाने फळते. आपल्या ताटातील भाताचे प्रत्येक शीत अशा एकेका फुलातून आलेले असते. रोवणी करणाऱ्या बाईने, कापणी करणाऱ्या गड्याने आणि जेवणाऱ्या आपण सर्वांनी मिळून असंख्य फुले खाल्ली. त्यांतील एक तरी नीट पाहिलेला माणूस विरळाच.

येथे पहिली नैतिक गोष्ट ध्यानी येते. जवळून पाहणे हे कृतज्ञतेचे कर्तव्य असू शकते. ज्यावर आपण जगतो त्याकडे एकदाही लक्ष न देणे यात एक प्रकारची अकृतज्ञता आहे, मग ते धानाचे फूल असो वा घरात सर्वांच्या शेवटी जेवणारी आई. सूक्ष्माकडे पाहण्याची ही ओढ ख्रिस्ती परंपरेला कधीच परकी नव्हती. सूक्ष्मदर्शकातून पाहून काढलेली आणि छापली गेलेली अगदी पहिली चित्रे मधमाश्यांची होती. फ्रांचेस्को स्तेलुती व त्यांचे सहकारी यांनी ती 1625 साली रोममध्ये सिद्ध केली आणि पोप आठवे अर्बन यांना अर्पण केली, कारण त्यांच्या घराण्याच्या चिन्हात मधमाश्या होत्या. ग्रेगर मेंडेल यांनी मठाच्या बागेत वाटाण्याच्या रोपांवर वर्षानुवर्षे डोळे खिळवले. आपल्याकडे येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लाटर (1877–1934) आणि फादर हेन्री सांतापाऊ (1903–1970) यांनी या देशातील वनस्पतींचा ध्यास घेतला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधील वनस्पतिसंग्रह आजही ब्लाटर यांच्या नावाने ओळखला जातो, तर सांतापाऊ भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. या माणसांना गवताच्या पात्याकडे पाहताना आपण देवापासून दूर जात आहोत असे वाटले नाही.

परंतु उलट्या भिंगाने दिलेले हे दर्शन फुकट मिळत नाही. सरळ भिंगाला ज्या सोयी असतात, त्या बहुतेक सर्व उलट्या भिंगाला सोडाव्या लागतात. कॅमेऱ्याशी असलेला त्याचा आपोआप चालणारा संबंध तुटतो. प्रकाशाचे छिद्र हाताने लहान-मोठे करावे लागते, आणि ते लहान केले की पाहण्याच्या खिडकीत अंधारून येते. भिंगावरचे कडे फिरवून स्पष्टता साधत नाही. माणसाला स्वतःच तसूतसूने पुढे-मागे सरकावे लागते. भिंगाची मागची नाजूक बाजू, जी एरवी कॅमेऱ्याच्या पोटात सुरक्षित असते, ती आता धूळ, दव आणि ओरखडे यांच्यासमोर उघडी पडते. साधी झुळूक वादळासारखी भासते. माणसाची स्वतःची सावलीच वस्तूवर पडते.

कोणाच्याही निकट जाण्याची हीच किंमत नव्हे काय? आजाऱ्याच्या खाटेशी बसणाऱ्याला, दुःखी घरात पाऊल टाकणाऱ्याला, रुसलेल्या मुलाशी बोलू पाहणाऱ्या बापाला या सर्वांचा अनुभव येतो. तेथे सवयीची साधने चालत नाहीत. समोरचा हलणार नाही, आपल्यालाच सरकावे लागते. आपली नाजूक बाजू उघडी ठेवल्यावाचून दुसऱ्याची नाजूक बाजू दिसत नाही, आणि आपलीच सावली त्याच्यावर पडून तो काळोखा दिसत नाही ना, हे सतत पाहावे लागते. जो ही किंमत न मोजता ‘मी जवळून पाहिले’ म्हणतो, त्याने बहुधा कवाडाच्या फटीतून पाहिलेले असते.

याहून मोठी मर्यादा मात्र वेगळीच आहे, आणि आपल्या विषयाचा गाभा तीच आहे. वस्तूएवढे चित्र घेताना स्पष्टतेची खोली विलक्षण कमी होते. प्रकाशाचे छिद्र बरेच लहान करूनही फार तर एक मिलिमीटर जाडीचा पापुद्रा तेवढा स्पष्ट येतो. मुंगीचा डोळा रेखीव आला, तर तिचे पाय धूसर होतात. पाय साधले, तर डोळा विरघळतो. त्या पापुद्र्याच्या अलीकडचे व पलीकडचे सारे जग धुक्यात जाते. आता विचार करा: असे चित्र खोटे आहे काय? मुळीच नाही. जे दिसते ते तंतोतंत खरे आहे. परंतु पाहणारा जर म्हणाला, ‘मुंगी म्हणजे एवढेच,’ तर खऱ्या चित्राचा आधार घेऊन त्याने असत्य सांगितले असे होईल.

माणसांच्या बाबतीत हे आपण रोज करतो. एखाद्याच्या आयुष्यातला एक मिलिमीटर आपल्याला लख्ख दिसतो: एका संध्याकाळी त्याचा ढळलेला तोल, एका व्यवहारातली त्याची लबाडी, सुनेचे एक तिखट उत्तर, सासूचा एक टोमणा. ते खरेच घडलेले असते, म्हणून सांगताना आपले मन आपल्याला टोचत नाही. ‘मी काही पदरचे सांगत नाही,’ असे आपण वर म्हणतो. ख्रिस्ती नीतिशास्त्राने मात्र ही पळवाट फार पूर्वीच बंद केली आहे. खोटी बदनामी हे एक पाप आणि दुसऱ्याचा खरा दोष कारण नसताना उघडा करून त्याचे नाव काळे करणे हे दुसरे, असा भेद नीतिशास्त्र करते. संत थॉमस अक्वायनस यांनी या दुसऱ्या पापाचा स्वतंत्र ऊहापोह केला आहे. सत्य बोलूनही अन्याय करता येतो, हे त्यातील मर्म. ‘राईचा पर्वत करणे’ असे आपण मराठीत म्हणतो. येथे राई खरी असते, केवळ तिच्या मागचे सारे शिवार पुसलेले असते.

यावर कोणी म्हणेल की, मग भिंग स्वतःकडे वळवावे, आपल्या डोळ्यातले मुसळ आधी पाहावे, म्हणजे झाले. उपदेश खरा आहे, परंतु तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. उलटे केलेले भिंगही पुढेच पाहते. ते आपल्याकडे वळत नाही. शिवाय आत्मपरीक्षणालाही स्पष्टतेच्या उथळपणाचा हाच दोष लागतो. आपल्या एकाच पापाकडे रात्रंदिवस पाहत राहून खचून गेलेली माणसे प्रत्येक धर्मगुरूला भेटतात. त्यांना जे दिसते तेही खरेच असते. पण त्यांच्याही धूसर झालेल्या बाजूला देवाची कृपा काम करीत असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दोष जवळून पाहू नये, पाहिल्यास बोलू नये, असे शिकवले तर दुष्ट माणसाचे फावेल. हा आक्षेप टाळता येणार नाही. दुर्बलावर, विशेषतः मुलांवर, अत्याचार होत असताना ‘कोणाचे नाव खराब करू नये’ म्हणून गप्प बसणे ही प्रीती नव्हे. अशा मौनाने किती घोर हानी झाली, हे अलीकडच्या दशकांत जगभरच्या ख्रिस्तसभेला फार दुःखाने शिकावे लागले आहे. तेव्हा प्रश्न पाहावे की न पाहावे असा नाहीच. कशासाठी पाहावे, आणि पाहिल्यावर पुढे काय करावे, असा तो आहे.

याचे उत्तर मला धानाच्या बांधीतच सापडते. पूर्व विदर्भातील शेतकऱ्याला गादमाशी ठाऊक असते. डासासारखी ही माशी. तिची अळी कोवळ्या कोंबात शिरते आणि लोंबी येण्याऐवजी तेथे चंदेरी पोंगा येतो. असा एक पोंगा दिसला की घाबरून फवारणी करावी, असे मनाला वाटते. परंतु कृषिशास्त्र सांगते की, एका पोंग्यावरून निर्णय करू नका. शेतात ठिकठिकाणी जा, चूड मोजा, प्रादुर्भाव किती आहे हे पाहा, आणि नुकसानीची पातळी ओलांडली असेल तरच औषध काढा. कारण त्याच पोंग्यात कधी कधी एक अतिसूक्ष्म गांधीलमाशीच्या जातीचा कीटक असतो. त्याचे शास्त्रीय नाव प्लॅटिगॅस्टर ओरायझी. तो गादमाशीच्याच अळीवर वाढतो आणि तिचा नाश करतो. साध्या डोळ्यांना तो जवळजवळ दिसत नाही. सरसकट विष फवारले, तर शत्रूबरोबर हा मित्रकीटकही मरतो.

शहाणा शेतकरी म्हणून दोन गोष्टी करतो. तो वाकून पोंगा चिरून पाहतो, आणि मग धुऱ्यावर उभा राहून सगळी बांधी पाहतो. वाकल्याशिवाय शत्रू कोण व मित्र कोण हे कळत नाही. उभे राहिल्याशिवाय किती व कोठे हे कळत नाही. आणि या दोन्ही पाहण्यांच्या मागे एकच हेतू असतो, तो म्हणजे पीक वाचावे. न्यायाधीश, वैद्य, शिक्षक, आईबाप आणि धर्मगुरू यांना दोष जवळून पाहण्याचा अधिकार मिळतो तो याच हेतूमुळे. ज्याच्या हातात बरे करण्याचे काही साधन नाही आणि ज्याला ते नकोही आहे, त्याचे जवळून पाहणे केवळ डोळ्यांची हाव ठरते. संत अगस्तीन यांनी कुतूहलाच्या अशा मोहाला डोळ्यांची वासनाच मानले होते.

छायाचित्रणातही हा भेद आहे. किडा हलू नये म्हणून त्याला शीतपेटीत ठेवून गारठवणारे, फूल नीट दिसावे म्हणून खुडणारे छायाचित्रकार असतात. चित्र उत्तम येते, पण ज्याचे चित्र घेतले त्याचे आयुष्य त्यात खर्ची पडते. आणि पहाटे बांधीत गुडघ्यावर बसून, वारा पडण्याची वाट पाहून, चित्र साधले नाही तर तसेच परत जाणारेही असतात. दोघांचे भिंग एकच. अलीकडे तर मोबाइल फोनमध्येच जवळच्या चित्रांची सोय आली आहे, आणि कोणाचे एक वाक्य, एक क्षण, एक चूक टिपून शेकडो घरांत धाडायला निमिषही लागत नाही. साधन सोपे झाले, म्हणून संयमाची गरज कमी झालेली नाही.

वाचकहो, पुढच्या वेळी एखाद्याचा दोष आपल्याला लख्ख दिसेल आणि तो सांगण्यासाठी जीभ शिवशिवेल, तेव्हा स्वतःला तीन साधे प्रश्न विचारावेत. या दोषाच्या अलीकडे-पलीकडे जे धूसर आहे, ते मी कधी पाहिले आहे काय? मी जे सांगणार आहे, त्याने कोणी बरा होणार आहे काय, की कोणाचे रक्षण होणार आहे? आणि हे सांगण्याचे योग्य स्थान ही ओटी आहे, की तो माणूस स्वतः, की ज्याच्यावर न्यायाची जबाबदारी आहे तो? तीनही उत्तरे मिळाली, तर निर्भयपणे बोलावे. न मिळाली, तर थोडे थांबून आणखी पाहावे. वारा पडायला वेळ लागतो.

— एक धर्मगुरू