वृत्तचित्र आणि संपादकाचा विवेक

लिहिलेल्या शब्दाविषयी वाचक शंका घेतो. छायाचित्राविषयी सहसा घेत नाही. डोळ्यांना दिसले ते घडलेच, अशी त्याची श्रद्धा असते. या श्रद्धेमुळेच वृत्तचित्र निवडणाऱ्याचे उत्तरदायित्व लेखकाहून अधिक ठरते.

डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी चेन्नईच्या महापुराची हवाई पाहणी केली. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने प्रसृत केलेल्या चित्रात खिडकीतील दृश्य दुसऱ्या छायाचित्रातून आणून जोडलेले होते. टीका होताच ते मागे घेण्यात आले. पूर खरा, पाहणीही खरी. तरीही चित्र असत्य ठरले. दोन सत्ये सांधल्याने तिसरे सत्य निर्माण होत नाही.

परंतु चित्रात फेरफार केला नाही, एवढ्याने संपादकाचे कर्तव्य संपते काय? २३ फेब्रुवारी २०१० रोजी बंगळूरमधील कार्लटन टॉवर्स या इमारतीस आग लागली. धुराने कोंडलेल्या काहींनी वरून उड्या टाकल्या. एकूण नऊ जण मृत्यू पावले. अशा क्षणाचे चित्र सर्वस्वी खरे असते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते वृत्तपत्र त्याच नगरातील जयनगरच्या एखाद्या घरातही येऊन पडते, आणि उडी टाकणारा कदाचित त्याच घरचा पुत्र असतो.

म्हणून दुःख झाकूनच ठेवावे, असेही नव्हे. १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर मातीआड होणाऱ्या अनाम बालकाचे मुख रघु राय यांनी टिपले. ते पाहून जगाला त्या अनर्थाची दारुणता उमगली. ते चित्र दडपणे हा मृतांवर दुसरा अन्याय ठरला असता.

मग भेद कसा ओळखावा? गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाचे विवेचन करताना सत्याबरोबर हिताचीही अपेक्षा ठेविली आहे. चित्र हीही वाणीच होय. ज्याचे दुःख छापले जाते त्याचे, किंवा त्याच्यासारख्या इतरांचे, काही हित त्याने साधते की केवळ खप वाढतो, हा प्रश्न संपादकाने प्रत्येक वेळी स्वतःस विचारावा. उत्तर पृष्ठरचनेतच दिसते. मृत्यूच्या दारी उभ्या माणसाचा चेहरा मोठा करून भडक मथळ्याखाली मांडणे निराळे. तो उघडपणे धूसर करून, अग्निसुरक्षेतील त्रुटींच्या वृत्ताशेजारी मर्यादित आकारात छापणे निराळे. पहिल्यात कुतूहलाची तृप्ती आहे, दुसऱ्यात पुढील जीव वाचविण्याची चिंता. जेथे ही चिंता नाही, तेथे निर्भेळ सत्यही हिंसेचे साधन होते.