बुडीत गावांवरची पाखरं

होळीच्या सुमारास गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याचं पाणी मागे सरू लागतं आणि काठाला गाळाचा काळसर पट्टा उघडा पडतो. तिथे वाकून पाहिलं तर पडदेदार पावलांचे ठसे दिसतात आणि त्यांच्या आसपास गवत पचून पडलेली हिरवट विष्ठा. हे पट्टकदंब. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळ्या आडव्या पट्ट्या असलेला हा हंस हिवाळाभर गवतावर आणि रब्बीच्या कोवळ्या पिकांवर चरतो. थवा चरत असतो तेव्हा एखादा तरी मान ताठ करून राखण करत उभा असतो. पलीकडे चक्रवाकांची नारिंगी जोडी, उथळ पाण्यात तलवार बदकं, आणि चिखलात शेपटी हलवत फिरणारा धोबी. त्याच्या डोक्यावर आता विणीचा पिवळा रंग चढू लागलेला असतो. जायचे दिवस जवळ आले, हे आधी त्याच्या पिसांवर उमटतं.

ज्या पाण्यावर हे सगळं चालतं, ते पाणी तसं नवं आहे. 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते वैनगंगेवरच्या या प्रकल्पाचं भूमिपूजन झालं, तेव्हा त्याचा खर्च 372 कोटी रुपये धरला होता. पुढे तो हजारो कोटींवर गेला. 2009 मध्ये प्रकल्पाला राष्ट्रीय दर्जा मिळाला. धरणाची लांबी अकरा किलोमीटरच्या वर, दरवाजे 33, ठरलेलं सिंचन अडीच लाख हेक्टरचं. या पाण्याखाली भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली गावं गेली. त्यांच्याबरोबर वैनगंगेच्या काठची कसदार शेतं गेली, घाट गेले, मसणवटे गेले. मोबदल्यासाठी आणि पुनर्वसनासाठी लोक वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिले. 2013 मध्ये सुमारे 1200 कोटींचं विशेष पॅकेज जाहीर झालं, त्यानंतरही आंदोलनं थांबली नाहीत.

अशा पाण्यावर पाखरं पाहायला उभं राहिलं की एक जुना दृष्टान्त हमखास आठवतो. संध्याकाळी पक्षी एका झाडावर जमतात आणि सकाळी आपापल्या दिशेला उडून जातात. माणसांच्या गाठीभेटीही तशाच. अश्वघोषाच्या ‘बुद्धचरिता’त घर सोडून निघालेला सिद्धार्थ सारथी छंदकाची समजूत काढताना हाच दाखला देतो. पुढे कीर्तनांतून, प्रवचनांतून आणि मयताच्या दारी बोलल्या जाणाऱ्या सांत्वनातून तो घरोघर पोचला. जग हा चार दिवसांचा मुक्काम, त्यात जीव गुंतवू नये. बुडितातल्या माणसालाही हे ऐकवणारे भेटतातच: जागा कुणाची होती, पाखरं बघा, कशी मोकळी असतात.

प्रश्न असा की पाखरं खरोखर याची साक्ष देतात का?

हा प्रश्न विचारायला गोसीखुर्दएवढी योग्य जागा सापडणं कठीण, कारण धरणापासून जवळच पवनी आहे. तिथल्या जगन्नाथ टेकडीखाली 1969-70 च्या उत्खननात मोठा बौद्ध स्तूप सापडला. त्या अवशेषांत मुचलिंद नागाचं नाव कोरलेला स्तंभही निघाला. म्हणजे पायी फिरणारे भिक्खू या नदीकाठी दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी येत होते. भिक्खूंच्या आचारनियमांचं जे विनयपिटक, त्यात पाखरांचा वेगळाच उल्लेख आहे. सुरुवातीला भिक्खू पावसाळ्यातही फिरत. लोकांनी तक्रार केली की पक्षीसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटं करून पावसाळ्यात थांबतात, आणि हे श्रमण मात्र कोवळे अंकुर आणि बारीक जीव तुडवत हिंडतात. तेव्हा बुद्धांनी वर्षावासाचा नियम घालून दिला. ‘बुद्धचरिता’तलं पाखरू निघून कसं जावं ते शिकवतं, विनयातलं पाखरू कुठे थांबावं ते. दुसऱ्या पाखराची आठवण फारसं कुणी काढत नाही, आणि हे दुर्दैवच म्हणायचं. कारण इथे सामान्य लोकांनी संन्याशांना धडा दिला.

आता प्रत्यक्ष पाखरांकडे वळू. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवस मोठा होऊ लागतो, तसा त्यांच्या शरीरात बदल घडतो. भूक वाढते, कातडीखाली चरबी साठते, जीव थाऱ्यावर राहत नाही. या काळात पिंजऱ्यातला स्थलांतरी पक्षीसुद्धा रात्री फडफडतो, तेही ज्या दिशेला जायचं त्या दिशेला तोंड करून. याला वैराग्य कसं म्हणणार? ही ओढ आहे. पट्टकदंब इथून उठून हिमालय ओलांडतो. उपग्रहावरून माग काढला तेव्हा काही पक्षी सात हजार मीटरच्या वर उडताना नोंदले गेले. लडाख, तिबेट, मंगोलिया इथल्या तळ्यांकाठी तो अंडी घालतो आणि थंडी पडली की पिल्लांना घेऊन दक्षिणेकडे येतो. कडी किंवा मानेत पट्टा घालून केलेल्या अभ्यासांत दिसलंय की अनेक जातींचे पक्षी वर्षामागून वर्षं त्याच तलावावर, कधी त्याच शेताच्या तुकड्यावर परततात. ज्याला आपण निःसंगतेचं उदाहरण मानलं, त्याचे दोन जागांशी पक्के ऋणानुबंध निघाले.

भोरडीचं आणखीच वेगळं. पळस आणि काटेसावर फुलली की तिचे थवे फुलांवर तुटून पडतात आणि मध पिताना कपाळं परागांनी पिवळी करून घेतात. एप्रिलमध्ये ती मध्य आशियाकडे जाते, घाईघाईने वीण उरकते, आणि जुलै-ऑगस्टपासून पुन्हा भारतात दिसू लागते. वर्षातले आठ-नऊ महिने इथे, जन्म मात्र तिकडचा. मग तिला पाहुणी म्हणायचं की इथलीच?

जलाशयाच्या वरच्या अंगाला आंभोरा आहे. नद्यांच्या संगमावर, टेकडीवर चैतन्येश्वराचं मंदिर. मुकुंदराजांनी शके 1110 मध्ये ‘विवेकसिंधु’ इथेच रचला, अशी परंपरा सांगते. हा मान आंबेजोगाईही मागते. मराठीतला हा आद्य अद्वैतग्रंथ. आपलं-परकं हा भेद अज्ञानातून येतो, हा अद्वैताचा गाभा. साधकाने तो स्वतःच्या जिवाला लावून घ्यायचा असतो. ज्याचं घर पाण्याखाली गेलं, त्याला दुसऱ्याने, विशेषतः ज्याच्या शेतात कालव्याचं पाणी आलंय त्याने, तो ऐकवला की त्यातलं सत्य हरवतं आणि सोय तेवढी उरते. सिद्धार्थाने स्वतःचा महाल सोडला होता. छंदकाला त्याने घर सोडायला सांगितलं नव्हतं.

काही जण आणखी एक हिशेब मांडतात: गावं गेली, पण पाखरं तरी आली. हा हिशेब चूक आहे. पाण्यात डोकं बुडवून चारा शोधणाऱ्या बदकांना धरणाचं खोल पाणी उपयोगाचं नसतं. त्यांना हवा असतो उथळ, वनस्पतींनी भरलेला काठ. तो भंडारा जिल्ह्यातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांनी, कोहळी समाजाने पिढ्यान्पिढ्या बांधलेल्या तळ्यांनी, धरणाच्या कितीतरी आधीपासून दिला होता. नदी सुरय आणि नदी टिटवी मार्चपासून वाळूच्या बेटांवर उघड्यावरच अंडी घालतात. वाहत्या वैनगंगेची अशी बेटं फुगवट्यात गेली, म्हणजे विस्थापितांच्या यादीत पाखरंही आहेत. त्यातच नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून इथे येतं. जलपर्णी माजते, ढिवरांच्या जाळ्यात मासा कमी लागतो. त्यामुळे पाखरांची काळजी करणारा माणूस ढिवरांच्या प्रश्नाकडे पाठ फिरवू शकत नाही. दोघांचंही पोट त्याच पाण्यावर आहे.

मग या काठावर दुर्बीण लावून आनंद मानायचा की नाही? मानावा, मनापासून मानावा. पट्टकदंबांनी कुणाचं घर बुडवलेलं नाही. फक्त त्या आनंदात काही कामं ओघाने येतात. वाळूच्या बेटांवर अंडी असतील त्या दिवसांत तिथे पाय ठेवू नये, होड्या लावू नयेत. आणि निरीक्षणाच्या नोंदीत जागेपुढे नुसतं ‘गोसीखुर्द बॅकवॉटर’ लिहून सोडू नये. त्या काठी कुठलं गाव होतं ते पुनर्वसन वसाहतीत जाऊन विचारावं आणि पक्ष्याच्या नावाशेजारी गावाचं नाव लिहावं. गाव कुठे होतं, देऊळ कुठे आणि आंबराई कुठे, हे पाण्याकडे बोट दाखवून सांगणारी माणसं अजून आहेत, आणि पूर्वी नदीच्या कुठल्या वळणावर कुठली पाखरं उतरत, हेही त्यांनाच ठाऊक आहे.