सीना कुणाच्या वाट्याला?

पास्ट्रामी किंवा कॉर्न्ड बीफ घरी करायचे म्हटले, की पहिला प्रश्न तुकड्याचा. अंडरकट सर्वांत मऊ आणि महाग. पण या कामाला तो निरुपयोगी. पाच-सात दिवस मिठाच्या पाण्यात मुरवून तासन्‌तास शिजवला तर त्याचा कोरडा चोथा होतो. इथे लागतो सीना. जनावराचे वजन पेलून चिवट झालेला, चरबीचा भाग. तीन-चार तासांच्या मंद आचेवर त्याचे चिवट धागे विरघळतात आणि मांस रसाळ होते. म्हणजे सीना हलका नव्हताच. आपल्याला धीर नव्हता.

न्यूयॉर्कला आलेल्या पूर्व युरोपातील ज्यू कुटुंबांनी सीना उचलला, कारण तो स्वस्त होता आणि पुढच्या भागाचा असल्याने त्यांच्या धर्मनियमांत बसत होता. आयर्लंडच्या कॉर्क बंदरातून सतराव्या-अठराव्या शतकांत खारवलेले गोमांस जहाजे भरून परदेशी जाई. तिथल्या गरिबाच्या ताटात मात्र बटाटा. 1840च्या दशकातील दुष्काळानंतर अमेरिकेत गेलेल्या आयरिश माणसाला हे मांस परवडले ते बहुधा ज्यू खाटकाच्या दुकानात. कोणता तुकडा कुणाला, हे चवीआधी ऐपत ठरवते.

महाराष्ट्रात 2015च्या कायद्याने गायीपाठोपाठ बैलाचेही मांस बंद झाले, म्हशी-रेड्याचे राहिले. निवड आक्रसली, वाटणीचा प्रश्न उरलाच. बकरी ईदला आपण तीन हिस्से करतो: घरचा, नातेवाइकांचा, गोरगरिबांचा. काटा चोख असतो. पण रान आणि चाप आपल्या फ्रीजमध्ये जातात. सीना, हाडे, छिछडे गरिबाच्या पिशवीत. सूरह बकराची 267वी आयत नेमके हेच बजावते: आपल्याला कुणी दिले तर डोळे मिटूनच घेऊ, असे निवडून देऊ नये.

कुणी म्हणेल, सीना इतका चांगला, तर तो दिला यात वावगे काय? वावगे हे, की तीन तासांची आच म्हणजे तीन तासांचा गॅस. दिवसभर राबून रात्री घरी परतणाऱ्या बाईकडे तो नाही, आणि वेळही नाही. समान वजनाने न्याय होत नाही. घेणाऱ्याची चूलही पाहावी लागते.

साठवणीचेही तसेच. मदिनेत गरजू लोक आले त्या वर्षी पैगंबरांनी (स.) कुर्बानीचे मांस तीन दिवसांपलीकडे ठेवू दिले नाही, पुढे ती अडचण सरली तेव्हा परवानगी दिली. मांस तेच, मीठ तेच. हुकूम बदलला तो दारातल्या भुकेमुळे.

म्हणून आपण खारवण्याआधी दाराबाहेर पाहावे. लवकर शिजणारे मऊ मांस आधी पिशवीत घालावे. सीना घरी ठेवावा आणि निवांत मुरवावा. गॅस आणि सवड आपल्याकडे आहे.